घड्याळ म्हणतंय एचआरव्ही २३, साडूंचं ६१. घाबरायचं का?

सुताचागुंता | सोमवार, सकाळी ७.१२

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

वय ५४. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे, म्हणजे दिवसभर कानाला मागांची खटखट आणि डोक्याला सुताचे भाव. दिवाळीत पोराने पुण्याहून घड्याळ पाठवलं, ते मी आजवर फक्त पावलं मोजायला वापरत होतो आणि सुखात होतो. मागच्या महिन्यात साडू आले. जेवणं झाली, आणि यांनी मनगट पुढे केलं, "भाऊ, माझा एचआरव्ही ६१, तुमचा किती?" मला एचआरव्ही म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते.) त्यांनीच माझ्या फोनमध्ये शोधून काढलं. २३. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले, आणि ते "हं" तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय.

आता रोज सकाळी उठलो की दात घासायच्या आधी आकडा बघतो. २३, २१, २६, एक दिवस १७. गूगलवर वाचलं की ५० च्या खाली म्हणजे अनहेल्दी. बायको म्हणते फेकून दे ते घड्याळ. आणि मला मुळातच कळत नाही की ठोके कमीजास्त अंतराने पडले तर चांगलं कसं? आमच्याकडे माग ठेक्यात चालला तर चांगला, ठेका चुकला की मेकॅनिकला बोलवायचं. हृदयाचं उलटं कसं काय?

जुळेसोलापूरकर | सोमवार, सकाळी ७.४०

काका घड्याळ कुठल्या कंपनीचं आणि कितीला पडलं

कडकभाकरी | सोमवार, सकाळी ८.०५

काय बे, माणूस घाबरलाय आणि तू भाव विचारलालास.

काका, साडूंचं घड्याळ कुठलं ते आधी विचारा. ॲपलचं असेल आणि तुमचं दुसऱ्या कंपनीचं, तर ती तुलना म्हणजे मीटर आणि वार. ॲपलवाले एसडीएनएन दाखवतात, बाकी बरेच जण आरएमएसएसडी. दोन्हीचं एकक मिलिसेकंदच, म्हणून माणूस फसतो.

सुताचागुंता | सोमवार, सकाळी ८.३१

साडूंचं ॲपलचं. माझं नाही. पण ही दोन नावं काय आहेत, कोणी मराठीत सांगेल का.

फळा_खडू | सोमवार, सकाळी ११.२०

मी सांगतो. ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायचो, रिटायर झालोय, त्यामुळे वेळ आहे.

नाडी ७२ म्हणजे मिनिटाला ७२ ठोके, इतकंच. ते सारख्या अंतराने पडतात असं अजिबात नाही. समजा लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर ८१२, ८४५, ७९०, ८३० मिलिसेकंद असं आलं. शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक झाला ३३, ५५, ४०. यांचे वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. ४४ च्या आसपास येतं. हा आरएमएसएसडी. तुम्ही हिशेबाचे माणूस, करून बघा. एसडीएनएन म्हणजे सगळी अंतरं आपल्या सरासरीपासून किती पसरली आहेत ते, साधं प्रमाण विचलन, दहावी-बारावीत सगळ्यांनी केलंय आणि सगळे विसरलेत. ते किती वेळाचं मोजलं यावरही आकडा बदलतो, २४ तासांचं वेगळं, एका मिनिटाचं वेगळं.

आता चांगलं कसं ते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात स्वतःचा एक ठोका देणारा गठ्ठा असतो, सायनस नोड. त्याला कोणी विचारलं नाही तर तो मिनिटाला शंभरेक ठोके देईल. हृदय बदललेल्या पेशंटची नाडी बसल्याजागी ९०-१०० असते ती यामुळेच, नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. आपली ७० आहे कारण व्हेगस नावाची नस मेंदूतून खाली येऊन सतत ब्रेकवर पाय ठेवून असते. सात रस्त्याच्या गर्दीत रिक्षावाला कसा ब्रेक दाबतो, सोडतो, जरा दाबतो, तसं. श्वास आत घेतला की ब्रेक सैल, ठोके जवळ. सोडला की ब्रेक घट्ट, ठोके लांब. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या, बऱ्याच जणांना बोटालाच कळतं. ॲड्रेनलीनचा ॲक्सिलरेटर असा ठोक्याठोक्याला हलत नाही, त्याला काही सेकंद लागतात. म्हणून लागोपाठच्या ठोक्यांतला फरक मोजला की मुख्यतः ब्रेकवरचा पाय मोजला जातो. टेन्शन, ताप, दारू, अपुरी झोप, यात पाय ब्रेकवरून उचललेला असतो आणि ठोके तुमच्या मागासारखे ठेक्यात पडायला लागतात. तेव्हा भाऊ, माग ठेक्यातच चालू दे, हृदयाला जरा सैल सोडा.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३.५०

सरांचं वाचून बरं वाटलं. मी लेबर रूमची सिस्टर आहे, इथे सोलापुरातच. आमच्याकडे पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा कागद निघतो ना, त्याच्यावर रेघ थरथरती पाहिजे, ५ ते २५ ठोक्यांच्या मधे वरखाली. सरळ सपाट रेघ आली की नवीन मुली म्हणतात किती छान स्टेडी आहे, आणि आमच्या पोटात गोळा. बाळ झोपलेलं असलं तरी थोडा वेळ सपाट येते म्हणून लगेच आरडाओरडा करत नाही, आईला कुशीवर वळवतो, वाट बघतो. पण फार वेळ तसंच राहिलं तर डॉक्टरांना फोन. १९६०च्या दशकात हॉन आणि ली यांनी हेच दाखवलं की बाळ त्रासात असेल तर ठोक्यांचा वेग बदलायच्या आधी ठोक्यांमधला फरक बदलतो. ट्रेनिंगला असताना पाठ केलंय, अजून विसरले नाही.

सुताचागुंता | सोमवार, रात्री ९.१५

सर आणि सिस्टर, दोघांचे आभार. वर्गमूळ काढून बघितलं, ४३.६ आलं, बरोबर. ब्रेकचं पण पटलं. पण माझा प्रश्न तसाच आहे, माझा ब्रेक गेलाय का? ५० च्या खाली अनहेल्दी हे खरं की खोटं?

तलावकाठ | सोमवार, रात्री ९.४४

काही होत नाही हो. आमचे आजोबा गिरणीत कामाला, दिवसाला दोन बंडल बीडी, ९१ वर्षं जगले. एचआरव्ही बिचारव्ही काही नव्हतं. ही सगळी घड्याळं विकायची नाटकं आहेत.

कडकभाकरी | सोमवार, रात्री ९.५१

तुमचे आजोबा जगले, त्यांच्या बरोबरच्या किती जणांचे आजोबा राहिले तेही सांगा की.

गावठी_स्टेथो | मंगळवार, सकाळी ६.३०

ओपीडी सुरू व्हायच्या आधी लिहितो. मी विजापूर रोडला साधा जनरल प्रॅक्टिशनर, स्पेशालिस्ट नाही, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

तो ५० चा आकडा कुठून आला सांगतो. १९८७ साली अमेरिकेत क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ पेशंटचा अभ्यास छापला. त्यांना २४ तास होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं ईसीजीचं यंत्र, लावलं होतं. ज्यांचा एसडीएनएन ५० च्या खाली होता, त्यांच्या मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा पाच पटीहून जास्त निघाला. मोठी गोष्ट होती, त्यानंतर हा विषय कार्डिओलॉजीत नीट बसला, १९९६ ला युरोप-अमेरिकेच्या संघटनांनी मिळून मोजमापाचे नियम ठरवले. पण नीट बघा: अटॅक येऊन गेलेले पेशंट, २४ तासांचं ईसीजी, आणि एसडीएनएन. तुमचं काय आहे? अटॅक नाही, रात्रीचं मनगटावरचं हिरव्या दिव्याचं मोजमाप, आणि आरएमएसएसडी. तिन्ही वेगळं. तो ५० तुम्हाला लावायचाच नाही. पन्नाशीच्या माणसाचा आरएमएसएसडी २०-३० च्या घरात असणं अगदी नेहमीचं आहे, वयाबरोबर तो उतरतोच. साडूंशी तर तुलना अजिबात नको, एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांत दुपटीचा फरक असू शकतो आणि दोघेही ठणठणीत असू शकतात. तुमचा मागच्या महिन्यातला तुम्ही, आणि आत्ताचा तुम्ही, एवढीच तुलना. तीही एका दिवसाची नाही, आठवड्याच्या सरासरीची.

एक विचारायचं राहिलं. शुगर आहे का?

जुळेसोलापूरकर | मंगळवार, सकाळी ८.००

डॉक्टरसाहेब मग घड्याळाचा उपयोग काय

सायकल_होटगीरोड | मंगळवार, सकाळी ८.४५

उपयोग मी सांगतो, मी छातीचा पट्टा वापरतो, रोज उठल्यावर बसून दोन मिनिटं. पट्टा थेट ठोक्याचा विजेचा सिग्नल पकडतो, घड्याळ रक्ताची लाट मनगटापर्यंत पोचल्यावर बघतं, हात हलला की गोंधळ. झोपेतलं घड्याळाचं मोजमाप त्यातल्या त्यात बरं असतं, दिवसाचं मी धरतच नाही. मला तीन वर्षांत कळलेल्या गोष्टी: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला गेला की आकडा आपोआप खाली, आदल्या दिवशी उन्हात फिरून पाणी कमी प्यालो असेन तर अजून खाली. रात्री ११ ला मटण हाणलं की खाली. दोन पेग घेतले तर एकदमच खाली, आणि बियर आहे म्हणून काही माफी नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला चार रात्री जागलो त्या आठवड्याचा आलेख बघितला तर वाटतं कोणी आजारी माणूस आहे. आणि एकदा काही न करता दोन दिवस आकडा पडला, मी म्हटलं पट्टा बिघडला, तिसऱ्या दिवशी १०२ ताप. दर वेळी असं होतं असं म्हणणार नाही, कित्येकदा पडला आणि काहीच झालं नाही.

अक्का_बाळीवेस | मंगळवार, सकाळी १०.३०

माझा साधा प्रश्न. आकडा वाढवायचा कसा? कुणीतरी गोळ्यापावडरी सांगायच्या आत कोणी जाणकाराने सांगा.

फळा_खडू | मंगळवार, दुपारी १२.१०

अक्का, पावडर नको. रोज चालणं, वेळेवर झोप, दारू-तंबाखू बंद, हे सगळं कंटाळवाणं आहे म्हणून लिहीत नाही. मजेशीर ते लिहितो. मिनिटाला सहा श्वास घेतले, म्हणजे पाच सेकंद आत, पाच बाहेर, तर श्वासाची लाट आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची लाट एकमेकांवर बसतात आणि ठोक्यांचा झोका मोठा होतो. २००१ साली इटलीच्या लुसियानो बर्नार्डींनी २३ निरोगी लोकांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम्" हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. कुठली प्रार्थना रोममधली, कुठला मंत्र तिबेटचा, पण दोन्हींची लांबी एका सावकाश श्वासाएवढी. आपल्या नामस्मरणाचं कोणी असं मोजलं तर मला बघायला आवडेल.

मात्र श्वास घेताना आकडा वाढला म्हणजे तब्येत तितकी सुधारली असं नाही. तो त्या पाच मिनिटांचा आकडा.

अक्का_बाळीवेस | मंगळवार, दुपारी १२.४०

सर, मी आत्ता घड्याळ लावून "ॐ नमः शिवाय" म्हणून बघितलं, एका श्वासात दोनदा सावकाश म्हटलं की बरोबर दहा सेकंद. गड्ड्याच्या जत्रेतला "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" हा जयघोष मात्र म्हणू नका, त्याने नाडी ११० जाते 😄

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी २.१५

सगळे आकडा वाढवायच्या मागे आहेत म्हणून आमच्या घरातलं सांगतो. आईला घड्याळ दिलं होतं, वय ७१. एचआरव्ही कायम ३०-३५. फेब्रुवारीत एका रात्री ११८. दुसऱ्या रात्री १३०. मी खूश बे, सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला, आईचं हृदय वीस वर्षांच्या पोरीचं. आई म्हणत होती जिना चढताना दम लागलालाय, मी म्हटलं ऊन आहे. चौथ्या दिवशी बहीण जबरदस्तीने घेऊन गेली, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे नुसते थरथरत होते, ठोके कसेही पडत होते, आणि घड्याळ बिचारं त्या गोंधळाला "उत्तम" म्हणत होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आता बरी आहे. तो फोटो मी अजून ग्रुपवरून काढलेला नाही, लाज म्हणून ठेवलाय.

गावठी_स्टेथो | मंगळवार, दुपारी ४.००

हे महत्त्वाचं लिहिलंत. एकदम दुप्पट-तिप्पट झालेला आकडा बघून पेढे वाटू नका, आधी नाडीवर बोट ठेवा. श्वासाबरोबर वरखाली होणारी नाडी वेगळी आणि कुठलाच नियम नसलेली नाडी वेगळी.

सुताचागुंता, शुगरचं उत्तर राहिलं तुमचं.

सुताचागुंता | मंगळवार, रात्री १०.२०

डॉक्टरसाहेब, आहे. नऊ वर्षं झाली. गोळी चालू आहे, मधे सहा महिने बंद होती. शुगरची मागची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.९ होती. धाग्यात लिहिलं नाही कारण मला वाटलं हा हृदयाचा विषय आहे, शुगरचा काय संबंध.

गावठी_स्टेथो | बुधवार, सकाळी ६.४०

संबंध आहे, आणि तुमच्या २३ पेक्षा मला या ८.९ चं जास्त वाटतं.

शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात हे सगळ्यांना माहीत आहे. व्हेगस ही शरीरातली लांबलचक नस, तिलाही तो मार लवकर बसतो. सरांनी सांगितलेला ब्रेकवरचा पाय, तो बधिर होतो म्हणा. उभं राहिल्यावर चक्कर येते, नाडी बसल्याजागी ९५ असते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम किंवा दम. एडिनबर्गच्या यूइंग यांनी यासाठी १९७०-८० च्या दशकात साध्या तपासण्या बसवल्या, त्यातली एक आजही कुठल्याही दवाखान्यात होते, मशीन लागतं ते फक्त ईसीजीचं. पेशंटला आडवं करून मिनिटात सहा खोल श्वास घ्यायला लावायचे, श्वास घेतानाचा नाडीचा सर्वात जास्त वेग आणि सोडतानाचा सर्वात कमी वेग यातला फरक बघायचा. मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी तर नस दुखावली आहे, मधे असेल तर काठावर. वय जास्त असेल तर जरा सूट देतो. तुमच्या डॉक्टरांना सांगा, उभं-बसून ब्लड प्रेशर पण बघायला सांगा. घाईचं काही नाही, पण या आठवड्यात कराच. आणि घड्याळावरून गोळी बदलू नका. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनीही हा आकडा हलतो, त्याने आजार हलत नाही.

तलावकाठ | बुधवार, सकाळी ९.१०

ठीक आहे, आजोबांचं मागे घेतो. मला पण सात वर्षं शुगर आहे. ईसीजीला किती घेतात?

जुळेसोलापूरकर | बुधवार, सकाळी ९.१२

बघा आता भाव कोण विचारलालंय

फळा_खडू | बुधवार, सकाळी ११.००

या नसेची एक गोष्ट राहून राहून सांगाविशी वाटते, विषयांतर झालं तर माफ करा. ऑटो लोवी नावाचा शास्त्रज्ञ होता. नस हृदयाला आज्ञा देते ती विजेने की रसायनाने, हा वाद होता. एका रात्री त्याला स्वप्नात प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच परत सुचलं, या वेळी तो कागदाच्या भानगडीत न पडता थेट प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याच्या व्हेगसला चेतना दिली, हृदय मंद झालं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंद झालं. म्हणजे नसेतून काहीतरी पाण्यात उतरलं होतं. ते काहीतरी म्हणजे ॲसिटिलकोलीन. हा प्रयोग १९२१ ला छापला, १९३६ ला नोबेल. मुलांना मी म्हणायचो, रात्री तीनला उठून त्याने नोबेल मिळवलं, आपण सोलापूरकर रात्री तीनला उठून पाणी भरतो.

सुताचागुंता | बुधवार, रात्री ९.००

सर, तुम्ही हसत हसत लिहिलंत आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हिशेबाचा माणूस आहे, लगेच दोन महिन्यांचे आकडे वहीत उतरवले. आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दीडला, कधी साडेतीनला, आदल्या रात्रीपासून कान तिकडे. बायकोने कॅलेंडरवर पाण्याच्या तारखांना गोल केलेले असतात, तिला ती सवय आहे. वही आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. १७, १८, १६, १९, हे सगळे गोल केलेल्या तारखांचे. एरवी २१ ते २८. मार्चएंडचा आठवडा सोडला तर एकसुद्धा चुकला नाही. मी समजत होतो कारखान्याचं टेन्शन. ते आहेच, पण इतका सरळ हिशेब मला जीएसटीत पण कधी लागला नाही.

बायको म्हणाली, पाणी तर मी भरते, तुम्ही नुसते मोटर लावून कॉटवर बसता, मग माझा आकडा किती असेल? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज रात्री घड्याळ तिच्या हाताला आहे.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८.२०

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आम्ही महिन्याला आठ-दहा नाइट करतो, घरी येऊन परत स्वयंपाक. आमचा आकडा कोणी मोजत नाही तेच बरंय.

सुताचागुंता | शनिवार, रात्री ११.४०

अपडेट. काल तपासणी केली. सहा श्वासांचा फरक १२ आला, म्हणजे काठावर. उभं राहिल्यावरचं प्रेशर ठीक. आमच्या डॉक्टरांनी आधी विचारलं हे तुम्हाला कोणी सांगितलं, मग स्वतःच खूश झाले, म्हणाले फार दिवसांनी कोणीतरी ही टेस्ट मागितली. शुगरची गोळी बदलली, तीन महिन्यांनी परत सरासरी बघायची, रोज संध्याकाळी संभाजी तलावाला दोन चकरा. घड्याळात एचआरव्हीचा पडदा मुलाला फोन करून बंद करून घेतला, आता महिन्याच्या शेवटी एकदाच वहीत उतरवणार. हिच्या हातावर दोन रात्री होतं, तिचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आला. "बघा" म्हणाली, तेवढंच.

आणि हो, साडूंचा फोन आला होता. त्यांचा या आठवड्यात ६१ चा ३४ झालाय, आवाज पार उतरला होता. मी "हं" म्हटलं नाही. आधी विचारलं शुगर कधी बघितली होती, तर लग्नाच्या वेळी म्हणाले, कोणाच्या ते कळलं नाही. सोमवारी घेऊन जातो त्यांना.

चला, नळ बोलायला लागलाय, उठतो.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ११.४८

आमच्याकडे अजून नाही आलं बे. काका, प्रेशर कसंय?

सुताचागुंता | रविवार, रात्री १.०५

पाण्याचं म्हणतोस ना? कमी आहे. दुसरा हौद अर्धाच झाला.